भाव सांगण्याचे बळ : विक्री, ग्राहक आणि आपला पहिल्या पिढीचा उद्योजक

खानदेशातील आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्यातील मोठा भाग नोकरीचा इतिहास ठरेल. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळा, पोलीस दल आणि एस.टी. महामंडळ या ठिकाणी वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी स्थैर्याची पहिली पायरी गाठली. महिन्याच्या ठरावीक तारखेस हातात पडणाऱ्या वेतनाने घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, पुढची पिढी शिकली. त्या नोकऱ्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही.

तथापि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कायम नोकऱ्या आटत गेल्या आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग स्वतःच्या व्यवसायाकडे वळला. जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत कोणी लेथ मशीन चालवतो, कोणी विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, कोणी मोबाईलचे दुकान टाकले आहे. आपल्या भगिनी बचत गटांतून पापड, कुरडया, बिबडे तयार करून विकतात. या मंडळींशी बोलताना एक गोष्ट आम्हांस वारंवार ऐकू येते. माल तयार करता येतो, हिशेबही जमतो, परंतु ग्राहक समोर उभा राहिला आणि "काय भाव?" असे त्याने विचारले की जीभ अडखळते. सांगायचे असतात दोनशे आणि तोंडातून निघतात दीडशे. कामाचे पैसे मागताना मान खाली जाते. विक्री ही त्यांना याचना वाटते.

हा संकोच कोठून आला, त्यात विक्रेत्याच्या मनाचा भाग किती आणि ग्राहकाच्या वागण्याचा किती, आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

संकोचाची मुळे

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आम्हांस या संकोचाचे मूळ गावगाड्यात दिसते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. त्या व्यवस्थेत सुतार, लोहार, चांभार, महार, मांग हे गावाची कामे करीत आणि त्यांचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. या व्यवस्थेचा एक पैलू फारसा चर्चिला जात नाही. बलुतेदार आपल्या कामाची किंमत सांगत नसे. काम त्याचे, कसब त्याचे. परंतु मोजणारा हात दुसऱ्याचा. तो हक्काचेच घेत असे, पण घेण्याची रीत मात्र मागण्याची होती. महारांच्या वाट्याला तर हक्काच्या भाकरीसाठीही दारोदार उभे राहणे आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे हेच दुःख होते. वतनाच्या नावाखाली अहोरात्र राबायचे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर सोडायचा, ही रीत माणसाचा स्वाभिमान मारते, हे त्यांनी ओळखले होते. ही कनिष्ठ वतने मुंबई राज्यात कायद्याने रद्द होण्यास 1958 साल उजाडावे लागले. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या उद्योजकाच्या आजोबांनी आणि कदाचित वडिलांनीही आपल्या श्रमाची किंमत स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलेली नव्हती.

वाणी, मारवाडी, गुजर यांच्या घरातील मूल पेढीवर बसून खेळता खेळता भाव सांगण्यास शिकते. गिऱ्हाईक निघून गेले तरी वडील शांत राहतात, हे ते पाहते. आपल्या मुलाने असे काही पाहिलेले नसते. म्हणून विक्रीच्या वेळी येणारा संकोच हा त्याचा वैयक्तिक दुबळेपणा समजू नये. न मिळालेल्या शिक्षणाचा तो परिणाम आहे, आणि जे शिक्षणाच्या अभावाने आले ते शिक्षणाने जाऊ शकते.

ग्राहकाचे मन

सारा दोष विक्रेत्याच्या मनावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. विक्रेता निर्भय असला, विद्वान असला, तरीही ग्राहक पाठ फिरवू शकतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. 1917 साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर उदरनिर्वाहासाठी त्यांनी शेअर्सच्या व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला असा सल्लागार त्या काळच्या मुंबईत शोधूनही सापडला नसता. सल्ला घेण्यास लोक येऊही लागले होते. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ते येईनासे झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला. पुढे नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. माल उत्तम, भाव रास्त, ज्ञान निर्विवाद. तरीही ग्राहक गेला. ज्यांना वाटते की गुणवत्ता असली की विक्री आपोआप होते, त्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे आहे. संस्थानच्या सेवेत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगून मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल उभे राहिले. हॉटेल होते, चहा होता. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास सवर्ण ग्राहक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि आपल्यासोबतच्या मंडळींनाही तो घेण्यास लावू लागले. राजाने चहा प्याल्यावर इतरांचा धीर वाढला.

या प्रसंगाकडे आपण बहुधा राजाच्या औदार्याची कथा म्हणून पाहतो. व्यापाराच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी एक धडा सापडतो. भांडवल देऊन महाराज थांबले असते, तर ते हॉटेल चालले नसते. त्यांनी ग्राहक होऊन दाखविले, तेही उघडपणे, रस्त्यावर. नव्या विक्रेत्याला भांडवलाइतकीच गरज असते ती पहिल्या ग्राहकाची.

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्राची ही बाजूही आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच येते. 'फुले' हे नावच मुळी घराण्याच्या फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. स्वतः जोतीरावांनी धातूच्या ओतकामास लागणाऱ्या साहित्याची एजन्सी चालविली, सरकारी बांधकामांना माल पुरविण्याची कंत्राटे घेतली. त्यांच्या समाजकार्याच्या पाठीशी हा व्यवसायही होता.

कोणता माल, कोणती खूण

ग्राहकाचा पूर्वग्रह सर्व मालाच्या बाबतीत सारखा नसतो. दूध, पाणी, शिजवलेले अन्न यांच्या विक्रीत तो सर्वांत तीव्र असतो. कारण शिवाशिवीचे नियम मुख्यतः खाण्यापिण्याभोवती रचलेले होते. म्हशीचे दूध पातळ आहे की दाट, यापेक्षा ते कोणत्या वस्तीतून आले हे आजही काही खेड्यांत पाहिले जाते. उलट विजेची मोटार, पत्र्याचे शटर, पाइप, छपाई यांत ग्राहक आधी काम पाहतो. हा फरक व्यवसाय निवडताना ध्यानात घ्यावा. खाद्यपदार्थांचा व्यवसाय करू नये असा याचा अर्थ नाही. तेथे विश्वास मिळविण्यास अधिक काळ आणि अधिक साधने लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

ती साधने कोणती? जळगावच्या सराफ बाजाराचे उदाहरण घेऊ. जळगावचे सोने शुद्ध, ही ख्याती दीर्घकाळ पेढीच्या नावावर चालली. ग्राहक सोने पारखत नसे. तो पेढीवर विश्वास ठेवीत असे. आता 2021 पासून देशात दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. प्रत्येक दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. मोठ्या पेढीला या खुणेने काही नवे मिळाले नसेल. परंतु नव्या, अनोळखी सराफाला मोठा आधार मिळाला. कारण ग्राहकाने आता दुकानदाराचे आडनाव न विचारता खूण पाहावी, अशी सोय झाली.

हीच गोष्ट इतर व्यवसायांतही आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील चौदा अंकी नोंदणी क्रमांक, वैधमापन खात्याचा शिक्का असलेले वजनकाटे, वेष्टनावर छापलेली किंमत आणि तारीख, पक्के बिल, या सर्व खुणा विक्रेत्याच्या जातीऐवजी त्याच्या मालाची ओळख देतात. आपल्या भगिनींचे पापड साध्या पिशवीत, चिठ्ठीविना जातात, तेव्हा ग्राहक "कोणाच्या हातचे?" असे विचारतो. त्याच पापडांवर वजन, घटक, तारीख आणि नोंदणी क्रमांक असला की तो "कितीला?" असे विचारतो. या दोन प्रश्नांमधील अंतर आपल्या समाजाला कापावयाचे आहे.

यापुढची पायरी संस्थांना विक्री करण्याची. सांगली जिल्ह्यातील पेड गावी चर्मकार कुटुंबात जन्मलेले अशोक खाडे यांनी माझगाव गोदीत काम शिकून भावांसह 'दास ऑफशोअर' ही कंपनी उभी केली. दत्ता, अशोक, सुरेश या तीन भावांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव पडले. समुद्रातील तेलविहिरींच्या बांधकामाशी संबंधित कामे ही कंपनी करते. अशा ठिकाणी निविदा, मोजमाप आणि मुदत बोलते. केंद्र शासनाच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. ज्या रेल्वेत आणि आयुधनिर्माणीत वडिलांनी नोकरी केली, तेथेच मुलाने पुरवठादार म्हणून जावे, असा मार्ग आज उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी नोंदणी करावी लागते, दरपत्रक लिहावे लागते. म्हणजे पुन्हा भाव सांगावाच लागतो.

दुकानदाराचे तीन गुण

व्यापार म्हणजे लबाडी, आणि विकणारा तो फसविणारा, अशी समजूत आपल्या शिकलेल्या वर्गातही आढळते. सावकार आणि दुकानदार यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या लुबाडणुकीतून ती आली आहे. पण त्यामुळे आपला तरुण दुकान टाकतो तेव्हा त्याला आपण काहीतरी हलके करीत आहोत असे वाटते. बौद्ध परंपरा मात्र व्यापाऱ्याकडे तशा नजरेने पाहत नाही. तथागतांचे पहिले दोन उपासक तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते. आपल्या खानदेशच्या दारात, चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगरात असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या घराण्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. अत्तर विकून मिळविलेल्या पैशाने तो दगड कोरला गेला आणि दात्याने आपला धंदा लपविला नाही.

अंगुत्तर निकायात 'पापणिक', म्हणजे दुकानदार, या नावाची दोन सुत्ते आहेत. उपदेश भिक्षूंना आहे. दृष्टांत मात्र बाजारातला आहे. पहिल्या सुत्तात सांगितले आहे की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात मन घालीत नाही, त्याची संपत्ती वाढत नाही. दुसऱ्या सुत्तात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण येतात.

पहिला गुण, तो डोळस असतो. हा माल एवढ्यास घेतला, एवढ्यास विकला तर मूळ रक्कम एवढी आणि नफा एवढा, हे त्याला स्पष्ट दिसते. आमच्या मते संकोचावरील पहिले औषध हेच होय. ज्याला आपला खर्च पैशापर्यंत ठाऊक आहे, त्याची जीभ अडखळत नाही. कच्चा माल, वीज, भाडे, मजुरी आणि स्वतःची मजुरी कागदावर मांडली की दोनशे रुपये हा आकडा मागणी न राहता माहिती होतो. आपले बहुतेक उद्योजक स्वतःची मजुरी खर्चात धरीत नाहीत. बलुतेदारीची सवय तेथे शिल्लक राहिली आहे.

दुसरा गुण, तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. बोलणे, ऐकणे, नकार पचविणे हे कसब आहे आणि ते सरावाने येते. ग्राहकाने नकार दिला म्हणजे त्याने आपल्याला नाकारले, असे नव्या विक्रेत्यास वाटते. प्रत्यक्षात दहा जण चौकशी करतात तेव्हा दोन-तीन जण घेतात, आणि हे सर्वच दुकानांत घडते. कोणता नकार मालाला आहे आणि कोणता जातीला, हे शांतपणे ओळखण्यास शिकावे. पहिल्या नकारातून माल सुधारावा. दुसऱ्याने स्वतःला कमी लेखू नये.

तिसरा गुण, त्याला आधार असतो. ऐपतदार गृहस्थ त्याला ओळखतात. हा जाणता आहे, कुटुंब पोसून आपले पैसे वेळोवेळी परत करील, असा विश्वास ठेवून ते त्याला भांडवल देतात.

या तिसऱ्या गुणावर थोडे थांबले पाहिजे. आपल्या परिसरातील मोठ्या उद्योगांच्या कथा आपण मुलांना सांगतो. 1945 साली अमळनेरात वनस्पती तूप तयार करणारी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी 1963 साली 7000 रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून आरंभ केला आणि पुढे ठिबक सिंचन शेतकऱ्यांपर्यंत नेले. या माणसांचे परिश्रम निःसंशय मोठे. पण त्यांच्या पाठीशी व्यापार जाणणारा समाज होता, हेही मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या तरुणाकडे पहिले दोन गुण आले तरी तिसरा समाजाने द्यावयाचा असतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून, दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री 2005 पासून आणि 10 लाख ते 1 कोटी रुपयांच्या कर्जाची स्टँड-अप इंडिया योजना 2016 पासून हा आधार उभा करण्याचा प्रयत्न करीत आल्या. परंतु ओळख, शिफारस आणि वेळेवर दिलेला सल्ला यांची जागा योजना घेऊ शकत नाही.

प्रामाणिकपणा आणि उधारी

सेरिववाणिज जातकात दोन फेरीवाल्यांची कथा आहे. एके काळच्या श्रीमंत, पण आता मोलमजुरी करणाऱ्या आजी-नातीच्या घरी मळलेले एक जुने ताट असते. नातीला एक अलंकार हवा असतो आणि त्या बदल्यात ते ताट देऊ केले जाते. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून ताट सोन्याचे आहे हे ओळखतो. पण ते फुकटात मिळावे म्हणून क्षुल्लक ठरवून टाकून देतो. दुसरा, म्हणजे बोधिसत्त्व, ताट लाखमोलाचे आहे असे सांगतो आणि तेवढे द्रव्य आपल्याजवळ नाही हेही सांगतो. आजी त्यालाच ते देते. तोही आपल्याजवळील जवळजवळ सारी रोकड आणि माल तिच्या हाती ठेवतो. लोभी फेरीवाला परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. अज्ञानी ग्राहकालाही खरे सांगणे हा येथे विक्रेत्याचा धर्म मानला आहे.

प्रामाणिकपणा मात्र दोन्ही बाजूंनी हवा. आपल्या वस्तीतील बरीच दुकाने कशाने बंद पडली याची चौकशी केल्यास बहुधा उधारीच्या वहीत उत्तर मिळते. दुकानदार "आपलाच माणूस" म्हणून नाही म्हणू शकत नाही; घेणारा "आपलाच माणूस" म्हणून देण्याची घाई करीत नाही. मागावे तर नाते तुटते, न मागावे तर दुकान बुडते. यावर सौम्य पण स्पष्ट नियम हाच उपाय आहे: उधारीची मर्यादा आधीच सांगावी, तारीख लिहावी, ग्राहकाची सही घ्यावी. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. आपले पैसे वेळेवर मागणे यात लाजिरवाणे काही असते, तर तसा कायदाच झाला नसता.

समारोप : ग्राहक म्हणून आपण

आतापर्यंत विक्रेत्याला बरेच सांगितले. ही स्मरणिका वाचणाऱ्यांत मात्र विक्रेत्यांपेक्षा ग्राहक अधिक आहेत. घराचे वायरिंग, लग्नाच्या पत्रिका, कार्यालयातील खुर्च्या, मंडळाच्या कार्यक्रमाचे जेवण ही कामे देताना आपण कोणाकडे जातो? आपल्या माणसाकडे गेलो तरी इतरत्र निमूटपणे देतो तो भाव त्याच्यापुढे आल्यावर आपण पाडून मागतो, "आपल्याकडून नफा घेतो काय?" असे विचारतो. असा प्रश्न विचारणारा नकळत खळ्यावरच्या मोजणाऱ्या हाताची जागा घेतो.

माल वाईट असेल तर घेऊ नये आणि का घेतला नाही ते सांगावे. त्याने विक्रेता शिकतो. माल चांगला असेल तर सांगितलेला भाव, रोख आणि उघडपणे द्यावा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जे राजा असताना केले, ते करण्यास आपल्याला राजा होण्याची गरज नाही.

शाळांकडूनही एक अपेक्षा आहे. आनंदमेळाव्यात मुले भेळ आणि सरबत विकतात, तो दिवस केवळ करमणुकीचा समजू नये. खर्च किती, भाव किती, शिल्लक किती, हे मुलांनी लिहावे. न विकलेल्या मालाचे काय केले तेही लिहावे. ज्या मुलीने चौथीत असताना ताठ मानेने "पाच रुपये" असे सांगितले, तिला पुढे "पाच लाख" सांगताना अडचण पडणार नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला मागण्याच्या ओळीतून उठवून हक्काच्या ओळीत उभे केले. किंमत ठरविणे हाही हक्कच आहे. तो कागदावर मिळून बराच काळ लोटला. आता तो तोंडाने उच्चारण्याचा सराव आपण करावयाचा आहे.